मी ‘नावाडी’चा दुसरा भाग

मी ‘नावाडी – भाग दुसरा’ बोलतेय. थांबा, लगेच पान उलटू नका. माझं नाव ऐकलं की माणसांचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. आंबट काहीतरी दाताखाली आल्यासारखा. “अच्छा, तो दुसरा भाग होय!” असं म्हणतात आणि पहिल्या भागाच्या आठवणी काढत बसतात. इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती. पण नाही झाली.

दिसायला मी गेमची एक साधी सीडी. मधे भोक, एका अंगाला नावेचं चित्र, दुसऱ्या अंगाला आरसा. स्वभावाने भित्री. यंत्राचा कप्पा खट्कन उघडला तरी मी दचकते. आयुष्यभर मला एकच धास्ती होती, आता आपल्याला टाकून देणार. का, ते ऐकाल तर पटेल.

माझ्याआधी माझी थोरली बहीण होती, ‘नावाडी’. भाग पहिला वगैरे नाही, नुसतं ‘नावाडी’. पहिल्याला कोण नंबर देतं? नदीला पूर आलाय, घराघरांच्या छपरांवर माणसं अडकलीत, आणि एक एकटा नावाडी लाटा चुकवत, ओंडके चुकवत त्यांना सोडवतोय, असा तो खेळ. काय नाव झालं तिचं! मुलं जेवायची विसरायची, आणि मुलांना अभ्यासाला बसवून आईबाप स्वतः खेळायचे. मला तिचा हेवा वाटायचा का? वाटायचा. खोटं कशाला बोलू?

ती इतकी गाजली की तिच्या कंपनीतले मोठे साहेब एका सकाळी टेबलावर थाप मारून म्हणाले, “दुसरा काढायचा. वर्षाच्या आत.” आमच्यासारख्यांचा जन्म हा असा होतो बघा. पहिल्याची कोणी वाट पाहत नसतं, म्हणून तो आपल्या पायांनी, सावकाश येतो. दुसऱ्याची आधी तारीख ठरते आणि मग तो काय असणार ते ठरतं.

त्या कचेरीत एक बाई होती. पहिल्या भागातलं सगळं पाणी तिने केलं होतं, म्हणून तिला सगळे ‘पाणीवाली’ म्हणायचे. शेजारच्या टेबलावर कोणी पेला ठेवला तरी ती त्यातली थरथर पाहत बसायची. तिच्या मनात आलं, पूर ओसरल्यावर काय? छपरांवरून उतरवलेल्या माणसांना घरी कोण पोचवणार? म्हणून माझ्यात नाव एक, वल्ही दोन. डावं एकाच्या हातात, उजवं दुसऱ्याच्या. दोघांनी शेजारी बसून, एका लयीत नाव न्यायची.

“संथ आहे,” साहेब म्हणाले.

“संथच आहे. पण सोपं नाही. बसून बघा साहेब.”

साहेब आणि हिशेबनीस बसले. तीन वेळा काठावर आपटले, एकमेकांवर ओरडले आणि शेवटी पोट धरून हसले. “चालेल,” साहेब म्हणाले, “पण तारीख हलणार नाही. आणि जो एकटा खेळेल, त्याचं काय?”

त्या एकट्यासाठी मग शेवटच्या तीन आठवड्यांत घाईघाईने एक भाडोत्री वल्हेकरी बनवला गेला. दुसरा खेळाडू नसेल तर दुसरं वल्हं तो मारणार. तो दमत नसे, थांबत नसे आणि कोणाचं ऐकत नसे. अशी माणसं खऱ्या आयुष्यात असतात म्हणा, पण त्यांच्याबरोबर नावेत कोण बसतं?

माझं खोकं छापून आलं त्या दिवशी पाणीवालीने ते उलटसुलट करून पाहिलं. वर खवळलेल्या लाटा, एकच नावाडी आणि मोठ्या अक्षरांत ‘पहिल्यापेक्षा दुप्पट थरार!’ मागे कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘एक किंवा दोन खेळाडू’.

“हे कुठल्या खेळाचं खोकं आहे?” तिने विचारलं.

मग कारखान्यात मी जन्मले. माझ्यासारख्या हजारो, सगळ्या कोऱ्या चकचकीत, सगळ्यांच्या पोटात तेच पाणी आणि त्याच चुका. चुका होत्या, मी नाकारत नाही. माझ्यातले मासे कधीकधी नावेच्या तळातून आरपार जातात. एक आजोबा घरी पोचवल्यावरही छपरावर बसलेले दिसतात. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पाण्याचं दार. निम्म्या वाटेवर नदीत एक भलंमोठं लाकडी दार लागतं, ते उघडलं की पुढची नदी. ते उघडायचंच नाही. लोक वल्हवून वल्हवून थकायचे, दारावर नाव आपटायचे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे. दार ढिम्म.

खेळांच्या एका मासिकाने मला पाचपैकी दीड तारा दिला. वर लिहिलं, ‘पहिल्या भागाचा आत्मा हरवला.’ हे वाक्य दुकानात माझ्यासमोर मोठ्याने वाचलं गेलं. मी फळीवर उभी होते. कुठे तोंड लपवणार?

मला पहिल्यांदा एका दातांच्या डॉक्टरांनी नेलं. दिवसभर लोकांची तोंडं उघडून घेणारा माणूस, पण माझं दार काही त्यांना उघडेना. भाडोत्री वल्हेकऱ्याने त्यांना गोल गोल फिरवलं. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि मला काउंटरवर आपटून म्हणाले, “हा खेळ आहे की शिक्षा?” तेव्हाच माझ्या आरशावर एक लांब चरा उमटला. दुकानदाराने मला परत घेतलं, पण तळाच्या फळीवर ठेवलं. तिथे मी बरेच महिने होते. शेजारी माझ्याच काही जुळ्या बहिणी. आम्ही एकमेकींशी बोलत नसू. बोलण्यासारखं काय होतं?

मग एके दिवशी एक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी आणि चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं ‘नावाडी (गेम)’. त्या चष्म्याच्या दुकानात काम करायच्या, काचा घासून चौकटीत बसवायच्या. दुकानदाराने त्यांच्यापुढे दोन खोकी ठेवली. एक थोरल्या बहिणीचं, शेवटचं उरलेलं. दुसरं माझं.

“ह्यातला नवा कुठला?”

“हा, दोन नंबरचा. पण बाई, लोक जास्त करून—”

“मग हाच द्या. नवा नंबर आल्यावर जुना चष्मा कोण लावून फिरतं?”

दुकानदाराने लगेच पावती फाडली. तळाच्या फळीवरचं ओझं जात होतं, तो कशाला बोलतोय! अशी मी त्या घरात गेले. चुकून. दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहणाऱ्या घरात.

त्या घरात तिघं होती. बाबा, बाबांची अकरा वर्षांची मुलगी आणि या बाई. मुलीला बाबा भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहून बोलूच शकत नसे. बोलता बोलता स्वतःभोवती फिरायची. माझ्यासारखीच. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. बाईंना या घरात येऊन सहाच महिने झाले होते. शेजारपाजारचे त्यांना ‘नवी’ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. भिंगरी त्यांना काहीच म्हणायची नाही. ‘ऐका’, ‘अहो’, नाहीतर नुसतं खाकरायची.

नवीने खोकं पुढे केलं. भिंगरीने ते पाहिलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“हा तो नाही.”

“नावाडीच आहे ना? आणि नवा—”

“हा दुसरा भाग आहे. हा भिकार आहे. वर्गात सगळ्यांना माहितीये.” तिचा आवाज चढला. “एवढंही कळत नाही का तुम्हाला? मला पहिला हवा होता. पहिला!”

“भिंगरी!” बाबा म्हणाले.

नवी म्हणाली, “राहू दे, मी उद्या बदलून आणते.” दुसऱ्या दिवशी ती गेली, पण थोरलीचं ते शेवटचं खोकं कोणीतरी नेलं होतं. ती मला घेऊनच परत आली आणि मला दूरदर्शन संचाच्या शेजारी ठेवलं. वरून हळूच एकदा पुसलं. माझ्यावर धूळ नव्हती. मग कळलं, हात कुठे ठेवावे हे न कळलं की ती जे हाती येईल ते पुसते.

त्याच आठवड्यात जेवताना बाबांनी विषय काढला. भिंगरीची मावशी दुसऱ्या गावी राहायची. आई गेल्यापासून भिंगरीला तिचाच लळा. “मावशी म्हणतेय, तू तिच्याकडे राहायला ये. तिकडची शाळा चांगली आहे. सुट्टीत जा, राहून बघ, आणि सुट्टी संपताना सांग, पुढचं वर्ष इथे की तिथे. तू म्हणशील तसं. आम्ही कोणी काही बोलणार नाही.”

भिंगरीने मान डोलावली. नवीने भाताची वाटी पुसली.

सुट्टीला अजून महिना होता.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली आणि पहिल्याच दिवशी भिंगरी दुपारी लवकर घरी आली. घरात कोणी नव्हतं. भिंगरीने मला खोक्यातून काढलं, यंत्राच्या कप्प्यात ठेवलं आणि मांडीवर वही घेतली. वहीवर शीर्षक लिहिलं, ‘चुका’. मावशीच्या मुलाला पत्रातून कळवायच्या होत्या. तिला मी आवडायला नकोच होते. अशा खेळाडूपुढे कसं फिरायचं, सांगा! भाडोत्री वल्हेकऱ्याने नाव गोल फिरवली. तिने लिहिलं, ‘१. नाव भोवऱ्यासारखी फिरते. २. मासा नावेतून गेला. ३. म्हातारा खोटा आहे.’

नवी जेवायला घरी आली. चष्म्याचं दुकान दुपारी दोन ते चार बंद असायचं. ती दारात उभी राहून पडदा पाहू लागली.

“त्याला एकच हात आहे का गं?”

“नाही, दुसरं वल्हं यंत्र मारतं.”

“मग यंत्राला सांग ना, नीट मार म्हणावं.”

“ते ऐकत नाही.” भिंगरी थांबली. “दुसरा रिमोट आहे. पण त्याला दुसरं माणूस लागतं.”

नवीने हात धुऊन, पुसून, पुन्हा एकदा पुसून दुसरा रिमोट उचलला. पहिल्याच लाटेचा आवाज आला आणि ती इतकी दचकली की रिमोट थेट ताटात पडला. भिंगरी हसली. त्या घरात आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. आणि मी? मीही दचकलेच होते त्या लाटेला. लाट माझीच होती तरी.

त्यानंतर रोज दोन ते चार. नवीचं डावं वल्हं, भिंगरीचं उजवं.

“डावीकडे! अहो डावीकडे!”

“हे डावं आहे!”

“तुमचं डावं नाही, नावेचं डावं!”

“नावेचं आणि माझं वेगळं असतं होय?”

“थांबा, थांबा, तो ओंडका… अगं थांब ना! तू थांबतच नाहीस!”

दोघींची वल्ही थांबली. ओंडका नावेवर आपटला. नवी म्हणाली, “लक्ष समोर ठेव, आपण बुडतोय.” बस्, एवढंच. पण पुढच्या दुपारपासून अहो गेलं ते गेलंच. भिंगरी तिला “ए नवे” अशी हाक मारू लागली. बाबांनी डोळे वटारले तर नवीच म्हणाली, “असू दे. आहेच मी नवी.”

चुकांची वही भरत होती, आता दोघी मिळून भरायच्या. ‘१४. बगळ्याची सावली बगळ्याच्या आधी येते. १५. बकरीला पाच पाय (नवी म्हणते चार, पण तिला चष्मा नाही).’ एकदा चऱ्यावर अडकून मी थांबले तर नवीने मला दुकानात नेलं, चष्म्याच्या काचा घासायच्या मलमाने तासभर घासलं आणि चरा पार पुसट केला. तिथल्या मालकांनी विचारलं, “हा कुणाचा नंबर?” नवी म्हणाली, “दोन नंबरचाच आहे, पण दिसायला लागेल नीट.”

इतका मान मला कोणी दिला नव्हता. रोज दोन वाजायची वाट पाहायचे मी. त्या दुपारी आठवल्या की अजूनही माझ्या पोटातलं पाणी हलतं.

आणि मग त्या पाण्याच्या दाराशी आल्या.

चार दुपारी गेल्या. आपटून झालं, मागे जाऊन जोरात येऊन झालं, गाणं म्हणून झालं, रागावून झालं. मला रडावंसं वाटत होतं. बाकी सगळ्या चुकांवर त्या हसल्या, पण ही चूक हसण्यासारखी नव्हती. ही वाटच अडवत होती. सुट्टीला दोन दिवस राहिले होते.

“ह्याच्यापुढे काहीच नसेल,” भिंगरी म्हणाली. “केलंच नसेल त्यांनी. म्हणूनच सगळे भिकार म्हणतात.”

नवीने माझं खोकं डोळ्यांजवळ धरून मुंगीच्या अक्षरांतला कंपनीचा पत्ता शोधला आणि चष्म्याच्या दुकानाच्या कागदावर पत्र लिहिलं. ‘स. न. वि. वि. आपल्या खेळातील दार उघडत नाही. आम्ही दोघी चार दिवस उभ्या आहोत. कृपया मार्ग कळवावा.’

दोन दिवसांनी भिंगरी गेली. बॅग बाबांच्या हातात होती. दाराशी तिने एक गिरकी घेतली आणि म्हणाली, “मी नसताना खेळू नकोस हं.”

“मला एकटीला ते यंत्र सुरू तरी करता येतं का?”

मी कप्प्यातच होते. अंधारात. दिवस मोजता येत नव्हते, पण दोन ते चार कळायचे. त्या वेळात नवी घरी यायची, जेवायची, ताट धुवायची आणि पडद्यासमोर जराशी बसायची. यंत्र सुरू न करता.

एका दुपारी फोन वाजला. मी दचकले, तीही दचकली. मावशीचा होता. नवी “बरं… हो… बरं,” एवढंच बोलली. संध्याकाळी बाबांना म्हणाली, “मावशी म्हणतायत, भिंगरी रमलीय. शाळेचा दाखला काढून ठेवा म्हणाल्या, तिकडे जागा अडवून ठेवलीय.”

“भिंगरी स्वतः काय म्हणाली?”

“ती खेळत होती. मावशीच्या मुलाने पहिला भाग आणलाय. उठायलाच तयार नाही म्हणे.”

माझी थोरली बहीण. आली अखेर. मला वाटलं, झालं, आता कशाला मला ठेवतील!

नवीने दाखल्याचा अर्ज स्वतः भरला, स्वतः शाळेत दिला आणि दाखला आणून कपाटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी टपालाने पत्र आलं. कंपनीचं नव्हे. पाणीवालीचं, तिच्या घरून. जेवणं झाल्यावर नवीने ते बाबांना वाचून दाखवलं.

‘तुमचं पत्र कचेरीतून फिरत फिरत माझ्याकडे आलं. चूक माझीच आहे. नाव अगदी स्थिर उभी राहिली की दार उघडावं, असं मी केलं होतं. पण पाणी शांत व्हायला किती वेळ लागतो ते मी नीट मोजलं नाही. सगळे वल्हवत राहतात, त्यामुळे पाणी हलत राहतं. एकट्याने खेळणाऱ्याचा तर इलाजच नाही, कारण यंत्राचं वल्हं थांबतच नाही. तुम्ही दोघी आहात ना? मग दोघींनी रिमोट खाली ठेवा आणि चार मिनिटं काहीही करू नका. बहुतेक कोणीही त्या दाराच्या पुढे गेलेलं नाही. गेलात तर मला कळवा, तिकडे कसं दिसतं. आम्हालाही तारखेच्या घाईत नीट पाहता आलं नाही.’

“अगं, मग कळव की भिंगरीला!” बाबा म्हणाले. “आत्ता फोन लाव. दार उघडतं म्हटल्यावर धावत येईल.”

नवी पत्राची घडी घालत होती. एक घडी, दुसरी, तिसरी.

“नको,” ती म्हणाली. “दारासाठी नको यायला.”

पत्र माझ्या रिकाम्या खोक्याखाली गेलं.

सुट्टी संपायला दोन दिवस असताना भिंगरी आली. मावशी बरोबर होती, सामान न्यायला. दोघी बसल्या. नवीने चहा दिला. प्रवासाचं, हवापाण्याचं बोलून झालं. शेवटी नवीनेच विचारलं, “पहिला भाग खेळलीस म्हणे. कसा आहे?”

“भारी,” भिंगरी म्हणाली. “ह्याच्यापेक्षा कितीतरी भारी. एकही चूक नाही त्यात. मी वही नेली होती, एक पान लिहिलं नाही.”

“असणारच,” नवी म्हणाली आणि टेबल पुसू लागली.

कप्प्यात मी मान्य केलं. खरंच आहे. माझी बहीण माझ्याहून चांगली आहे. ती पहिली आहे, ती पुरात एकटी लढली. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

भिंगरी उठली आणि फिरू लागली. “चार दिवसांत संपवला. पण त्यात नावाडी एकटाच असतो ना. चुकलं तर ओरडायचं कुणावर? मी दादाला म्हटलं, शेजारी बस तरी. तो म्हणाला, बसून काय करू, वल्हं एकच आहे.” तिची गिरकी थांबली. “नवे, दाखला काढलास?”

“काढलाय.” नवी कपाटाकडे गेली. कागदाचा आवाज मला ऐकू येत होता. “हा घे.”

“मला कशाला? शाळेत परत देऊन ये. उद्याच दे, नाहीतर माझ्या बाकावर दुसरी कोणीतरी बसेल.”

मावशीने पदराने डोळे टिपले. “अगं, मी तुझ्यासाठी खोली रंगवली की,” ती म्हणाली. मग नवीकडे पाहून, “असू दे. सुट्टीत लागेलच तिला. पण पिवळा रंग तिनेच निवडलाय, आता नावं ठेवायची नाहीत.”

“पिवळाच छान आहे,” नवी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. तेव्हा मात्र तिने काहीच पुसलं नाही, डोळेसुद्धा.

पत्र नंतर निघालं. भिंगरीने ते वाचलं, तारीख पाहिली आणि किंचाळली, “हे आठ दिवस तुझ्याकडे होतं? आणि मला सांगितलं नाहीस?”

“विसरले.”

“खोटारडी!”

मग यंत्र सुरू झालं. मी फिरू लागले. नाव दाराशी आली. दोघींनी रिमोट जमिनीवर ठेवले आणि हात मांडीवर.

मावशी सोफ्यावर होती. एक मिनिटाने तिने विचारलं, “काय करताय तुम्ही?”

“काही नाही.”

“ते दिसतंय. पण कशासाठी?”

“श्श! बोललीस तर पाणी हलेल,” भिंगरी म्हणाली. बोलण्याने माझं पाणी हलत नाही, पण मी काही म्हटलं नाही.

दोन मिनिटं. नवीच्या नाकाला खाज सुटली, तरी तिने हात हलवला नाही. तीन मिनिटं. मी जन्मभर भ्यायले, पण त्या चौथ्या मिनिटाइतकी कधीच नाही. उघडलं नाही तर? ह्या बाईने दारासाठी पत्र लिहिलं, आणि माझ्या पोटात पलीकडे खरंच काही नसलं तर? मलाही ठाऊक नव्हतं हो. आपल्या पोटात काय आहे ते आपल्याला तरी कुठे दिसतं?

शेवटची लहर काठाला लागून विरली. आणि दार उघडलं.

पलीकडे नदी रुंद होती. पूर ओसरलेला, काठावर वाळत घातलेल्या चादरी, दारादारांत उभी असलेली माणसं, आणि पाणीवालीने केलेलं ते पाणी. काचेसारखं. त्यात नाव उलटी दिसत होती आणि नावेतल्या दोघीही. लाट नाही, ओंडका नाही. एकेकाला त्याच्या दाराशी उतरवायचं आणि पुढे जायचं, एवढंच. दोघी सावकाश वल्हवत राहिल्या, एका लयीत, कोणावर न ओरडता. मावशी सोफ्यावरून उतरून कधी त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसली, ते कुणालाच कळलं नाही.

पाणीवालीला त्यांनी कार्ड पाठवलं. नवीने लिहिलं, ‘दार उघडले. पलीकडे फार सुंदर आहे. आपले आभार.’ खाली भिंगरीने लिहिलं, ‘पहिला भाग जास्त भारी आहे. तुमचा बगळा उलटा उडतो. पण मी परत खेळणार आहे.’

याला आता सतरा वर्षं झाली. आजही कुठे ना कुठे याद्या निघतात, ‘निराशा करणारे दहा दुसरे भाग’. मागच्या महिन्यात भिंगरीने एक मोठ्याने वाचली. मी चौथी होते.

“चौथी?” नवी केवढ्याने म्हणाली. तिला आता खरंच चष्मा आहे. “दार उघडून पाहिलं होतं का मेल्यांनी?”

“त्यांची चूक नाही गं. एकट्याला खेळताच येत नव्हता तो. आणि खोक्यावर खोटं लिहिलं होतं.”

मला ते पटलं. माझी बदनामी निम्मी माझीच कमाई आहे. घाईत जन्मले, चुका घेऊन जन्मले. उरलेली निम्मी त्यांची, जे मला माझी बहीण समजून घेऊन गेले आणि मी ती नाही म्हणून रागावले. तुम्हाला एवढंच विनवते. कुठलाही दुसरा भाग भिकार म्हणायला माझी ना नाही, पण आधी तो स्वतः काय होऊ पाहत होता ते जरा बघा. शेजारी कोणीतरी बसवून बघा.

मला तसं बघणं आता कुणालाच जमणार नाही. माझ्या कडेची चकाकी सुटत चाललीय आणि ते यंत्र तर केव्हाच बंद पडलं. आज भिंगरी घर आवरायला आली. जुन्या तारा, रिमोट, मी, सगळं एका खोक्यात जमा झालं. भंगारवाला दाराशी उभा होता. तिने मला उचललं, उजेडात धरलं.

“नवे, ही ठेवायची की द्यायची?”

हाच तो प्रश्न, ज्याला मी जन्मभर भीत आले.

नवीने चष्मा वर केला, मला हातात घेतलं, दोन्ही अंगांनी पाहिलं. आणि हसून म्हणाली, “दे टाकून. आपलं खेळून झालंय.”

मी दचकले नाही. खोक्यात तारांवर पडल्यापासून तेच वाक्य मनात घोळवतेय. आम्हा सीड्यांपैकी कितीजणी कुणाचं तरी खेळून झाल्यावर जातात? बहुतेक जणी अर्ध्यातच जातात. भंगारवाल्याने खोकं खांद्यावर घेतलंय, जिना उतरतोय. येते मी.